वाचक विचारतात : विमान संशोधनाच्या सरकारी प्रयोगशाळा आणि त्यांचा पैसा

सोलापुरातून प्रवासी विमाने उडू लागल्यापासून या सदराकडे विमानांविषयीची पत्रे वाढली आहेत. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली आणि दोन वर्षांनी होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याला विमान सुरू झाले. मात्र ते विमान फ्रान्स-इटलीच्या कंपनीचे आहे. आपल्याकडे विमान संशोधनाची प्रयोगशाळा १९५९ पासून आहे, मग छोट्या शहरांना जोडणारे विमान आपण का बनवू शकलो नाही? पैसा कमी पडला का?
— एक निवृत्त शिक्षक, होटगी रोड

उत्तर : पैसा कमी पडला हे खरे आहे, पण त्याहून अधिक नुकसान तो मध्येच थांबल्यामुळे झाले, असे आमचे मत आहे. आपण म्हणता ती प्रयोगशाळा म्हणजे बंगळूरची नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज, अर्थात एनएएल. ती वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, म्हणजे सीएसआयआरच्या, छत्राखाली येते. तिने आखलेले ‘सारस’ हे चौदा आसनांचे विमान नेमके आपल्यासारख्या शहरांसाठीच होते. त्याचा पहिला नमुना २९ मे २००४ रोजी उडाला, पण ठरवलेल्या वजनापेक्षा तो बराच जड निघाला. पहिल्या नमुन्यात असे होणे नवलाचे नसते, आणि वजन कमी करण्याचे काम पुढच्या नमुन्यांत व्हायचे होते. दुसरा नमुना २००७ मध्ये उडाला. ६ मार्च २००९ रोजी, हवेत इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याच्या चाचणीदरम्यान, तो बंगळूरजवळ बिदडी येथे कोसळला आणि हवाई दलाचे तीन अधिकारी मृत्युमुखी पडले.

अपघातानंतर चौकशी होणे, आराखडा तपासला जाणे, चाचण्यांची पद्धत बदलणे हे सारे आवश्यकच होते. परंतु पुढे प्रकल्पाचा निधीच बंद झाला, माणसे दुसऱ्या कामांवर गेली आणि पहिला नमुना न उडता पडून राहिला. त्याच नमुन्यात सुधारणा करून तो पुन्हा हवेत गेला तो २४ जानेवारी २०१८ रोजी. मधल्या काळात जे अभियंते निवृत्त झाले, त्यांच्या हातातले कौशल्य कोणत्याही फाइलमध्ये पूर्णपणे उतरलेले नसते. आता एकोणीस आसनांच्या ‘सारस मार्क-२’चे काम चालू आहे. सोलापूर-गोवा मार्गावर उडणाऱ्या एटीआरच्या तोडीचे, सत्तर-नव्वद आसनांचे विमान एनएएलने सुचवले होते, ते अजून कागदावरच आहे. कानपूरला एचएएल, म्हणजे सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्स कंपनी, डॉर्निअर २२८ हे छोटे विमान बनवते हे खरे, पण त्याचा मूळ आराखडा जर्मन आहे.

आणखी एक अडचण व्यवस्थेतच आहे. एनएएल विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्रालयाकडे, नागरी विमानांना प्रमाणपत्र देणारे डीजीसीए नागरी उड्डयन मंत्रालयाकडे, आणि पहिला संभाव्य ग्राहक असलेले हवाई दल संरक्षण मंत्रालयाकडे. विमान बनवणाऱ्याला, तपासणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला पैसा तीन वेगवेगळ्या तिजोऱ्यांतून मिळतो. एका तिजोरीचे दार उघडते तेव्हा दुसरीचे बंद असते, आणि या विलंबाचा जाब विचारायचा तर नेमका कोणाला, हे संसदेतही स्पष्ट होत नाही.

प्रश्न : या प्रयोगशाळांतील यंत्रे जुनाट झाली आहेत असे ऐकतो. प्रत्यक्ष स्थिती काय आहे?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : जुने आणि जुनाट यांत फरक करायला हवा. एनएएलचे १.२ मीटरचे विंड टनेल १९६७ मध्ये सुरू झाले. मोठ्या टाक्यांत हवा दाबून भरायची आणि ती एकदम सोडून, टनेलात बसवलेल्या विमानाच्या किंवा रॉकेटच्या छोट्या प्रतिकृतीवरून काही सेकंद वाहू द्यायची, अशी त्याची रीत आहे. ध्वनीच्या वेगाच्या एक पंचमांशापासून चौपटीपर्यंतचा वारा त्यात निर्माण करता येतो. इस्रोची रॉकेटे, क्षेपणास्त्रे आणि ‘तेजस’ हे लढाऊ विमान यांच्या प्रतिकृती याच टनेलात तपासल्या गेल्या. साठाव्या वर्षाकडे झुकलेले हे यंत्र झडपा, मोजमापाची साधने आणि संगणक वेळोवेळी बदलले तर उत्तम काम देते. प्रश्न त्या वेळोवेळी बदलण्याच्या खर्चाचा आहे. नव्या प्रकल्पाला मंजुरी मिळवणे तुलनेने सोपे असते, कारण त्याची बातमी होते. झडप बदलल्याची बातमी कोणी छापत नाही.

खरी उणीव जी साधने देशात उभीच राहिली नाहीत त्यांची आहे. ‘तेजस’साठी कावेरी इंजिन बनवण्याचे काम संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या, म्हणजे डीआरडीओच्या, बंगळूर येथील गॅस टर्बाइन संशोधन संस्थेकडे, म्हणजे जीटीआरईकडे, १९८९ मध्ये सोपवले गेले आणि त्यासाठी सुमारे ३८३ कोटी रुपये मंजूर झाले. पुढे ही रक्कम सुधारून २,८३९ कोटींवर नेण्यात आली. पण इंजिन मोठ्या विमानाला बांधून हवेत तपासायचे म्हटले तेव्हा अशी उडती चाचणीशाळा देशात नव्हती. म्हणून २०१० मध्ये ते रशियाला नेऊन तिथल्या आयएल-७६ विमानावर बसवावे लागले. उंचीवरच्या विरळ हवेची परिस्थिती जमिनीवर निर्माण करून घ्यायच्या चाचण्याही रशियातच झाल्या. परक्या देशात चाचणी घेताना वेळापत्रक त्यांचे असते, आणि एखादा बिघाड झाला की इंजिन परत आणून, दुरुस्त करून पुन्हा नेण्यात महिनोन्महिने जातात. ‘तेजस’ २००१ मध्ये अमेरिकी इंजिनावर उडाले आणि आजही अमेरिकी इंजिनावरच उडते. इंजिनावर केलेल्या खर्चाची चर्चा आपण वारंवार करतो. त्या खर्चात चाचणीशाळा का बसवली नाही, हे मात्र क्वचितच विचारतो.

हा आजार केवळ आपला नाही. जगातले सर्वांत मोठे विंड टनेल असलेले कॅलिफोर्नियातील केंद्र ‘नासा’ने २००३ मध्ये बंद केले होते, पुढे अमेरिकी हवाई दलाने ते चालवायला घेतले म्हणून वाचले. फरक एवढाच की तिथे गरज पडल्यावर दुसरा ग्राहक पुढे आला.

प्रश्न : आम्ही करदाते आहोत. सरकारने या प्रयोगशाळांवर खर्च करण्यापेक्षा हे काम खासगी कंपन्यांवर का सोपवू नये? किंवा प्रयोगशाळांनीच आपला खर्च कमवावा.
— यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेऊ, कारण तो प्रयोग होऊन गेला आहे. २०१५ मध्ये डेहराडून येथे सीएसआयआरच्या प्रयोगशाळांनी स्वतःच्या उत्पन्नावर अधिकाधिक भर द्यावा अशी दिशा ठरवण्यात आली. विकण्याजोगे काम एनएएलकडे आहे. धावपट्टीवरील दृश्यमानता मोजणारे तिचे ‘दृष्टी’ हे उपकरण देशातील विमानतळांवर बसवले गेले. कार्बन तंतूंचे भाग दाबाखाली भाजणाऱ्या ऑटोक्लेव्ह भट्ट्या तिने विकसित केल्या. ‘हंसा’ हे दोन आसनांचे प्रशिक्षण विमान फ्लाइंग क्लबांना दिले गेले, जरी त्याचे इंजिन ऑस्ट्रियाचे असले तरी. पण विंड टनेल, वारंवारच्या ताणाने विमानाचे भाग किती टिकतात ते पाहणारे थकवा-चाचणीचे सांगाडे आणि त्यांवरची माणसे यांचा बारमाही खर्च अशा विक्रीतून निघत नाही. कोणतीही खासगी कंपनी असे टनेल उभारणार नाही, कारण ते वर्षातून किती दिवस भाड्याने जाईल याची कोणालाच खात्री नसते.

तुम्हाला हे वेगळे सांगायला नको. मागणी नसली की माग बंद ठेवता येतात, पण त्या काळात मागांची देखभाल करणारा जॉबर भिवंडीला निघून गेला, तर ऑर्डर आल्यावर माग असूनही कापड निघत नाही. प्रयोगशाळांत नेमके हेच होते, कारण अनेक तरुण संशोधक प्रकल्पाच्या मुदतीपुरते, तात्पुरत्या नेमणुकीवर असतात.

खासगी क्षेत्राला वाव मात्र द्यायलाच हवा, आणि तो दिला जात आहे. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या निधीपैकी पंचवीस टक्के रक्कम उद्योग, नवउद्योग आणि शिक्षणसंस्थांसाठी खुली करण्यात आली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन निधीला मंजुरी दिली. तो खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे स्वस्त कर्ज किंवा भांडवल देण्यासाठी आहे. सरकारी प्रयोगशाळेची झडप त्यातून बदलली जाणार नाही. हा निधी आणि प्रयोगशाळांना मिळणारा पैसा एकच समजून टाळ्या वाजवणे किंवा टीका करणे, दोन्ही चूक आहे.

खरेदीचे नियमही पैशाइतकेच त्रासदायक होते. संशोधन संस्थांना उपकरणांवर मिळणारी, पाच टक्केच जीएसटी भरण्याची सवलत जुलै २०२२ मध्ये काढून घेतली गेली, त्यामुळे त्याच अनुदानात कमी उपकरणे येऊ लागली. जून २०२५ मध्ये मात्र सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलबाहेरून वैज्ञानिक उपकरणे घेण्याची मुभा संस्थांच्या संचालकांना मिळाली. ही बातमी आतल्या पानावर छापली गेली असली, तरी आमच्या मते ती पहिल्या पानाच्या योग्यतेची होती.

प्रश्न : या प्रयोगशाळांना नेमके किती पैसे मिळतात, हे सामान्य नागरिकाने कुठे पाहावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : केंद्रीय अर्थसंकल्पाच्या खर्चाच्या कागदपत्रांत एनएएलची स्वतंत्र ओळ सापडणार नाही. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची मागणी, म्हणजे त्या विभागाच्या खर्चासाठी संसदेकडे मागितलेली रक्कम, पाहावी. २०२४-२५ मध्ये ती सहा हजार तीनशे कोटींच्या आसपास होती, आणि त्यातच सीएसआयआरच्या सदतीस प्रयोगशाळांचा संसार चालतो. डीआरडीओचा आकडा संरक्षण मंत्रालयाच्या मागणीत मिळेल. २०२५-२६ साठी तो २६,८१६ कोटी रुपये आहे. तुलना करताना अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तिन्ही रकाने पाहावेत, कारण फेब्रुवारीत जाहीर होतो तो पहिला रकाना आणि प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतो तो तिसरा. त्यातही वेतन आणि निवृत्तिवेतनाचा वाटा वेगळा काढल्यावरच उपकरणांसाठी काय उरले ते कळते. एनएएलपुरता तपशील हवा असल्यास तिचा वार्षिक अहवाल पाहावा, आणि तिथे न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा.