गवर सासरी, आई माहेरी

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. सासरचे थोरले घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत आहे. तेथे सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई राहतात, तर शेजारीच चुलत सासऱ्यांचे कुटुंब आहे. सर्वांचे गणपती-गौरी एकत्र, थोरल्या घरीच असतात. आम्ही दरवर्षी रजा काढून जातो, तरी जाऊबाई हसत हसत ‘पाहुण्या आल्या’ असे म्हणतात आणि ते मनाला लागते. कामाला हात लावावा तर ‘बस, दमली असशील’ असे सांगतात, बसून राहावे तर मागे बोलणे होते. खर्चाचे पैसे दीर घेत नाहीत. माझे माहेर राजारामपुरीत आहे. वडील गेल्यापासून आई एकटीच गवर मांडते आणि माझी वाट पाहते. मात्र विधवा म्हणून सासरच्या हळदीकुंकवाला येणे टाळते. दोन्ही घरे कशी सांभाळावीत?
— एक वाचक, बंगळुरू

उत्तर : प्रथम रजेविषयी, कारण निम्मा घोळ तेथेच होतो. गौरीचा दिवस तिथीवर नव्हे, नक्षत्रावर ठरतो : अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मुळावर विसर्जन. त्यामुळे चतुर्थी आणि गौरी यांच्यातील अंतर दरवर्षी सारखे नसते. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि आवाहन १० सप्टेंबरला होते, तर २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आणि आवाहन ३१ ऑगस्टला आले. पंचांग पाहून रजा मागा आणि रजा कमीच मिळणार असेल, तर चतुर्थी सोडून गौरीचे दिवस धरा, कारण घरातील बायकांना माणसांची खरी गरज तेव्हाच असते.

आता ‘पाहुण्या’ या शब्दाविषयी. तो बोचतो हे मान्य, परंतु जाऊबाईंच्या बाजूनेही पाहावे. माळ्यावरची पितळी भांडी काढून चिंचेने घासणे, गौरीचे मुखवटे जुन्या लुगड्याच्या घडीतून सोडवून पुसणे, कपिलतीर्थ मंडईतून भाजी आणि महाद्वार रोडच्या गर्दीतून पूजेचे साहित्य आणणे, हे सारे तुम्ही दारात पाऊल ठेवण्यापूर्वीच उरकलेले असते. अशा वेळी ‘मी काय करू?’ असे विचारणे म्हणजे काम नेमून देण्याचे आणखी एक काम त्यांच्या माथी मारणे होय. त्याऐवजी आठ दिवस आधी फोन करून ‘जाऊबाई, आवाहनाच्या दिवशीची भाजी-भाकरी या वर्षी माझ्याकडे,’ असे सांगून टाका आणि भाजी निवडण्यापासून नैवेद्याचे ताट वाढेपर्यंत ती जबाबदारी पुरी करा. पूजनाच्या दिवशीच्या पुरणात मात्र विचारल्याखेरीज हात घालू नये. डाळ किती शिजवावी आणि गूळ कधी घालावा यावरून चांगल्या चांगल्या घरांत अबोला धरलेला आम्ही पाहिला आहे! मुलांकडे नदीवरून गवर आणताना उंबऱ्यापासून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावले उमटवण्याचे काम द्यावे, म्हणजे ती मोबाइल आपोआप खाली ठेवतात.

विसर्जनाच्या दिवशी घरगुती गणपती आणि गौरी एकदमच जातात. पंचगंगा घाट असो, इराणी खण असो किंवा महापालिकेचे कुंड असो, तेथून परतताच रात्रीची गाडी पकडण्याचा प्रघात तुम्ही मोडावा असे आम्हांला वाटते. मखर उतरवणे, साड्यांच्या घड्या घालणे, भांडी पुन्हा माळ्यावर चढवणे हा दुसऱ्या दिवसाचा पसारा उरकायला जी थांबते तिला कोणी पाहुणी म्हणत नाही.

पैशांविषयी दिरांचे वागणे आम्हांला चुकीचे वाटत नाही. निघताना हातात पाकीट ठेवणे म्हणजे खाणावळीचे बिल चुकवण्यासारखे होते आणि थोरल्या भावाला ते लागते. मूर्तीचा किंवा गौरीच्या साड्यांचा पूर्ण खर्च तुम्ही उचला. मूर्ती असेल, तर कुंभार गल्लीत वेळेवर नोंदणी करून पैसेही आधीच द्या. हे बोलणे मात्र तुमच्या यजमानांनी आपल्या भावाशी करायचे आहे. तुमच्या एवढ्या सविस्तर पत्रात ते काय करतात याचा कोठेही उल्लेख नाही, हे आमच्या नजरेतून सुटलेले नाही. मखर बांधणे, केळीचे खुंट आणणे आणि पंगतीत वाढणे ही कामे त्यांचीही आहेत.

आईंच्या बाबतीत तासांची वाटणी करत बसू नका. त्यांना अडचण पूजेची नाही, मांडणीची असणार. एकट्या माणसाला मुखवटा बसवून साडी नेसवणे अवघड जाते. म्हणून कोल्हापुरात पोहोचल्यावर पहिला मुक्काम राजारामपुरीत करा आणि आवाहनाच्या आदल्या दिवशी, मुलांना हाताशी घेऊन, मांडणीची सारी तयारी करून द्या. सासूबाईंना हा बेत निघण्यापूर्वीच सांगावा, कारण आयत्या वेळी कानावर आलेली गोष्ट लपवल्यासारखी वाटते. पूजनाचा दुपारचा नैवेद्य मात्र सासरीच व्हावा, हे आमचे मत आहे.

राहिला हळदीकुंकवाचा प्रश्न, आणि तो आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याच जिल्ह्यातील, शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. जे एका खेड्याने ठरवले ते शिवाजी पेठेतील एका घराला जड जाऊ नये. मात्र आईंना तुम्ही बोलावून उपयोग नाही. लेकीचे बोलावणे त्या टाळतील. सासूबाईंनी स्वतः फोन करून ‘विहीणबाई, संध्याकाळी झिम्मा-फुगडीला या,’ असे म्हणावे आणि आल्यावर कुंकवाचा करंडा प्रथम त्यांच्यापुढे धरावा. सासूबाई कचरल्या, तर त्यांच्याशी वाद घालू नका; जाऊबाईंना विश्वासात घ्या, कारण पाहुण्या म्हणून चिडवणारी बाई अशा वेळी बहुधा आपल्या बाजूला उभी राहते. आणि फोन नाहीच झाला, तर त्या संध्याकाळी नैवेद्याचे ताट झाकून घेऊन जाऊबाईंसह तुम्हीच राजारामपुरीत जा.