वीज तोडण्याची नोटीस आली, आता काय करावे?

प्रश्न : नोकरी गेल्यामुळे तीन महिन्यांचे बिल थकले आहे. महावितरणची नोटीस व्हॉट्सॲपवर आली. ती ग्राह्य धरायची का? हप्ते मिळतील का?

ग्राह्य धरा. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी अशा डिजिटल नोटिशीला मान्यता दिली आहे. मात्र विद्युत कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी जोडणी तोडण्यापूर्वी किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी मुदत द्यावीच लागते. बहुतेक ग्राहक हे दिवस लाइनमनला चुकवण्यात घालवतात. त्याऐवजी उपविभागीय कार्यालयात अर्ज द्या. त्यात ग्राहक क्रमांक, नोकरी गेल्याचा पुरावा, आज किती भरता येईल आणि उरलेली रक्कम किती हप्त्यांत फेडाल, हे स्पष्ट लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. हप्ते मंजूर करणे अधिकाऱ्याच्या अखत्यारीत असल्याने रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि ‘बघतो’ या शब्दाला मंजुरी समजू नका. हप्त्यासोबत चालू बिलही भरायचे आहे, हे धरूनच झेपेल तो आकडा सांगा.

प्रश्न : दरमहा सुमारे १,१०० रुपये येणारे बिल या महिन्यात १८,४०० आले. भरले नाही तर वीज तोडतील का?

नुसते न भरता बसलात तर तोडू शकतील. बिलावर वाद असल्यास मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘निषेधासह’, म्हणजे बिल मान्य नसल्याचे लेखी नोंदवून, भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. तुमच्या बाबतीत ती १,१०० च्या आसपास भरेल. कलम ५६ मधील ही तरतूद बिल भरणा केंद्रावर कोणी आपणहून सांगत नाही. सोबत मीटर तपासणीची मागणी करा. दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल आहेत.

प्रश्न : ‘आज रात्री साडेनऊला वीज बंद होईल, या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश आला आहे.

फसवणूक आहे. फोन करू नका. शंका असल्यास १९१२ या वीज मदत क्रमांकावर विचारा.

प्रश्न : वीज तोडली आहे. ओळखीचा वायरमन पाचशे रुपयांत जोडून देतो म्हणतो.

नको. तोडलेली जोडणी परस्पर जोडणे हा विद्युत कायद्याच्या कलम १३८ खाली गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ते पाचशे रुपये थकबाकीत भरा आणि हप्त्यांचा अर्ज आजच द्या.