चाळीत दोन गट, मध्ये मी

प्रश्न : आमची चाळ काळाचौकीला. पक्ष फुटला आणि चाळीतही दोन गट पडले. पुनर्विकासाची बोलणी अडली आहेत, कारण प्रत्येक गटाचा बिल्डर वेगळा. बाबा एका गटात, काका दुसऱ्या. दोघांचं बोलणं बंद आहे. मी मध्ये पडू का?
— एक वाचक, काळाचौकी

उत्तर : ताई, जरूर पडा. फक्त पक्षाचा विषय काढू नका. बाबा आणि काकांचं मत एक व्हावं ही आशा सोडा. एका घरात दोन मतं सुखाने नांदतात. अडलंय ते चाळीचं काम.

मंत्रालयात मी बरीच वर्षं बैठकांची इतिवृत्तं लिहिली. नावांवरून वाद पेटायचा तिथे बहुतेक वेळा मागणीच कुणी नीट मांडलेली नसायची. तुमच्याकडेही बिल्डर कोण हे आधी ठरतंय आणि आपल्याला काय हवंय, याचा कागद कुठेच नाही. तो तुम्ही करा. दोन्ही गटांच्या घरी जाऊन विचारा : कार्पेट एरिया किती हवा, काम चालू असताना भाडं किती, ते थकलं तर हमी काय, कॉर्पस फंड, म्हणजे पुढच्या देखभाल खर्चासाठी बिल्डरने द्यायची रक्कम, किती, तळमजल्यावरच्या दुकानांचं काय, गणपतीच्या मंडपाला जागा कुठे. उत्तरं जुळतील ती एका रकान्यात, न जुळणारी दुसऱ्यात. हा दुसरा रकाना लपवलात तर कागदावर कुणी विश्वास ठेवणार नाही. बाबांचा आक्षेप बाबांच्या शब्दांत लिहा, काकांचा काकांच्या, आणि त्यांना वाचून दाखवा. बिल्डरचं नाव मात्र कुठेही नको.

1956 मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती झाली तेव्हा कम्युनिस्ट डांगे आणि समाजवादी एसेम जोशी यांचं राजकारण वेगळंच होतं. शेतकरी कामगार पक्षाचं तिसरं. मागणी तेवढी एक होती : मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. 1 मे 1960 नंतर समिती फार टिकली नाही, पण राज्य मिळालं. तुमच्या गिरणगावातल्या कामगारांनी त्यासाठी काय सोसलं, हे बाबा-काकांनी घरात ऐकलेलं असेल.

मला मात्र रोजगार हमीचा कायदा जास्त जवळचा वाटतो. गावात काम मागेल त्याला काम देणारी ही योजना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली. 1977 मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विधिमंडळाने तिचा कायदा एकमताने मंजूर केला. 26 जानेवारी 1979 ला तो लागू झाला तेव्हा शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकार होतं. माणसं बदलली, कायदा राहिला. पैशाचा मोठा भाग पगारदारांच्या व्यवसाय करातून यायचा. तुमच्या पगारातूनही तो कर कापला जात असेल. दुष्काळी गावातल्या मजुरासाठी मुंबईच्या कारकुनाने दरमहा पैसे द्यायचे, हे दोन्ही बाकांवरच्यांनी मान्य केलं, आणि मला त्याचा आजही अभिमान वाटतो. काम कुणाला द्यायचं आणि पैसा कुठून आणायचा, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं.

कागद तयार होईपर्यंत कुठल्याही गटाच्या पुढाऱ्याला चाळीत बोलावू नका. झाला की दोन्ही गटांना एकाच दिवशी प्रत द्या. घरात मात्र तो आधी काकांच्या हातात द्या. तुम्ही बाबांची मुलगी. बाबांनी पाहून पाठवलाय असं काकांना वाटलं, तर ते तो उघडणारही नाहीत.