‘काठीतलवार’ म्हणावे की ‘गुप्ती’?

एका वाचकाने आपल्या संग्रहासाठी एक शोभेची जपानी वस्तू मागवली आहे. दिसायला ती काळी, चकचकीत हातकाठी आहे. वरचा वीतभर भाग ओढला की आतून सरळ पाते बाहेर येते. विक्रेत्याने तिला मराठीत ‘काठीतलवार’ म्हटले आहे आणि जपानी नाव ‘शिकोमिझुए’ असे दिले आहे. वाचकाला कपाटात तिच्यापुढे मराठी पाटी लावायची आहे, म्हणून त्याने विचारले आहे की ‘काठीतलवार’ हा शब्द बरोबर आहे का, आणि ‘गुप्ती’ हा शब्द मारामारीच्या बातम्यांतला वाटतो म्हणून तो टाळावा का.

माझ्या मते ‘गुप्ती’ हाच शब्द लिहावा आणि तो बिनदिक्कत लिहावा.

‘काठीतलवार’ कानाला चुकीचा का वाटतो, हे आधी पाहू. ‘ढाल-तलवार’, ‘काठी-घोंगडे’, ‘तीर-कमान’ अशा जोड्यांची मराठी कानाला इतकी सवय आहे की ‘काठीतलवार’ ऐकताच आपण ‘काठी आणि तलवार’ असा द्वंद्व समास सोडवतो आणि दोन वेगळ्या वस्तू शोधू लागतो. यावर कोणी म्हणेल की ‘पुरणपोळी’ म्हणजे पुरण आणि पोळी नव्हे, पुरण घालून केलेली पोळी. तसाच हाही मध्यमपदलोपी समास मानावा. मानू या, पण मग पुरण आधी आणि पोळी नंतर, म्हणजे आत भरलेली वस्तू आधी आणि तिला पोटात घेणारी वस्तू नंतर येते. त्या हिशेबाने शब्द ‘तलवारकाठी’ असा व्हायला हवा होता. विक्रेत्याच्या शब्दात पोळी पुरणाच्या आत गेली आहे.

जपानी भाषेचा क्रमही पुरणपोळीचाच आहे. ‘शिकोमु’ म्हणजे आत बसवणे, आधीपासून तयारी करून ठेवणे. खाणावळीत दुकान उघडण्यापूर्वी जी चिराचिरी आणि पूर्वतयारी चालते तिलाही ‘शिकोमि’च म्हणतात. ‘त्सुए’ म्हणजे काठी. दोन्ही मिळून ‘आत काही बसवलेली काठी’ असा अर्थ होतो. शब्दात तलवारीचे नावसुद्धा नाही, आणि मला त्याची हीच गंमत वाटते. समासात दुसऱ्या पदाचा पहिला अघोष वर्ण घोष होण्याची जपानी भाषेची खोड आहे, तिच्यामुळे ‘त्सु’चा ‘झु’ होतो. हा फरक मराठी माणसाला फार चटकन कळावा, कारण ‘चुना’ आणि ‘जुना’ यांतले दंत्य च आणि ज उच्चारून पाहिले की जवळपास तीच जोडी जिभेवर येते. तेव्हा ‘झुए’ऐवजी ‘जुना’तला ज धरून ‘शिकोमिजुए’ असेही लिहिता येईल. मात्र तो ज ‘जीवन’मधला वाचला जाण्याचा धोका आहे, म्हणून रूढ झालेला ‘झु’च ठेवलेला बरा.

आता ‘गुप्ती’. संस्कृत ‘गुप्’ या धातूचा अर्थ राखणे आणि लपवणे. ‘गुप्त’ आणि ‘गोपनीय’ हे त्याच घरातले शब्द. मूळ ‘गुप्ति’ ऱ्हस्वान्त असला तरी ‘कवी’, ‘मती’ यांच्याप्रमाणे मराठीत तो दीर्घान्त लिहायचा. शब्द स्त्रीलिंगी आहे आणि अनेकवचन ‘गुप्त्या’. जैन परंपरेत मन, वचन आणि काया यांच्या संयमालाही गुप्ती म्हणतात, पण तो अर्थ पाटीच्या वाचकाला आठवण्याची भीती नाही. शस्त्र म्हणून गुप्ती म्हणजे काठीत, दांड्यात किंवा कुबडीत दडवलेले अणकुचीदार पाते. सज्जनगडावर समर्थ रामदासांच्या शेजघरात कुबडी आणि गुप्ती जपून ठेवल्या आहेत. तिथे दर्शन घेणाऱ्या कोणाला हा शब्द गुन्हेगारीचा वाटत नाही. वर्तमानपत्रांनी मात्र त्यातली काठी काढून घेतली. आज बातमीत ‘गुप्तीने भोसकले’ असे येते तेव्हा हत्यार काठीत होते की नुसताच लांब, टोकदार सुरा होता, हे वाचकाला कळत नाही. क्रियापद तेवढे जुन्या अर्थाशी इमान राखून आहे : तलवारीने वार करतात, गुप्ती खुपसतात किंवा भोसकतात. मुठीपुढे हाताला आडोसा नसलेले अरुंद पाते रणांगणात उपयोगाचे नसते. ते अडचणीच्या वेळी एकदाच काढायचे असते.

शिकोमिझुए त्याच जातीची आहे. ती जपानमध्ये विशेष पसरली ती 1876 नंतर. त्या वर्षीच्या मार्चमध्ये मेइजी सरकारने सैन्य, पोलीस आणि दरबारी पोशाख यांचे अपवाद ठेवून उघडपणे तलवार बाळगण्यास बंदी केली, आणि कमरेची तलवार गेलेल्यांपैकी काहींनी पाते हातातल्या काठीत नेले. कताना, म्हणजे नेहमीची जपानी तलवार, वाकडी असते, काठी सरळ. म्हणून आतले पातेही सरळ किंवा अगदी किंचित बाक असलेले असते.

पाटी लिहिण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य तपासावी. ‘शिकोमिझुए’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ शोभेच्या वस्तू खरे तर ‘शिरासाया’च्या नकला असतात. शिरासाया म्हणजे पांढरे म्यान : होनोकी या झाडाच्या पांढरट लाकडाचे, रोगण न दिलेले साधे म्यान आणि तशीच साधी मूठ. वापरात नसलेले पाते यात ठेवतात. त्याचे दोन अर्धे भाग शिजवलेल्या भाताच्या खळीने चिकटवतात, म्हणजे आत घाण साचल्यास ते उकलून साफ करता येतात. मूठ आणि म्यान एकसंध दिसत असल्याने हे प्रकरण काठीसारखे वाटते खरे, पण त्यात फसवणूक काहीच नाही. ते तलवारीचे घरचे कपडे आहेत. ‘ठेवणीतले म्यान’ म्हणण्याचा मोह मलाही झाला, परंतु ठेवणीतले कपडे आपण सणासमारंभाला घालतो, आणि इथे नेमके उलटे आहे. त्याला ‘ठेवणीचे म्यान’ म्हणता येईल. गुप्ती मात्र म्हणता येणार नाही, कारण त्यात काही लपवलेले नाही.

‘शोभेची’ हे विशेषण चांगले आहे आणि ‘सजावटी’पेक्षा अधिक मराठी आहे. ते वस्तूचा हेतू सांगते, तिच्या धारेविषयी काही हमी देत नाही; शोभेची दारूही भाजतेच. आपल्याकडच्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीत तलवारींबरोबर गुप्त्यांचाही समावेश आहे आणि 9 इंचांपेक्षा लांब पात्यांचा उल्लेख आहे, त्यामुळे पाटीवर ‘शोभेची’ लिहिल्याने कायद्याच्या दृष्टीने वस्तू बदलत नाही.

वाचकाची वस्तू काळी, रोगण दिलेली आणि टेकून चालता येईल एवढ्या लांबीची असेल, तर ‘शोभेची जपानी गुप्ती’ असे मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक अक्षरांत ‘शिकोमिझुए’ असे लिहावे. लाकूड पांढरट आणि बिनरोगणी असेल, तर ‘ठेवणीच्या म्यानातील जपानी तलवार, शोभेची प्रतिकृती’ असे लिहावे आणि विक्रेत्याने दिलेले नाव विसरून जावे.