इअरप्लग न वापरल्याच्या कबुलीवर सही करावी का?

प्रश्न : मी एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये 11 वर्षे काम करतो. पूर्ण पाळी पॉवर प्रेससमोर असते. शेजारच्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते. वर्षभरापासून दोन्ही कानांत सतत शिट्टी वाजल्यासारखे होते. स्वखर्चाने ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) केली, तेव्हा डॉक्टरांनी आवाजामुळे श्रवणदोष झाल्याचे लिहून दिले. तो कागद दाखवल्यावर व्यवस्थापनाने भांडार विभागात बदली देऊ केली, पण प्रेसवरचा भत्ता बंद होईल असे सांगितले. शिवाय ‘मला इअरप्लग वेळोवेळी मिळाले, मी ते वापरले नाहीत, माझी कोणतीही मागणी नाही’ अशा निवेदनावर सही मागितली आहे. प्रत्यक्षात इअरप्लग क्वचितच मिळत. माझ्या पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात होत नाही. काय करावे?

उत्तर : बदली स्वीकारा, निवेदनावर सही करू नका. या दोन गोष्टी व्यवस्थापनाने एकाच पाकिटात घालून आपल्यापुढे ठेवल्या, म्हणून त्या एकच वाटत आहेत. बदली आपल्या कानांच्या हिताची आहे, निवेदन केवळ मालकाच्या.

निवेदनाचे तिन्ही भाग सारख्या वजनाचे नाहीत. ‘माझी कोणतीही मागणी नाही’ हे शब्द दिसायला सर्वांत भीतिदायक, पण कायद्याच्या दृष्टीने सर्वांत पोकळ आहेत, कारण भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 च्या कलम 17 नुसार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. धोका आधीच्या दोन भागांत आहे. हक्क सहीने सोडता येत नसला तरी वस्तुस्थितीची कबुली सहीने देता येते, आणि ती पुढे आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचली जाते. सुरक्षेसाठी दिलेले साधन कामगाराने जाणूनबुजून दुर्लक्षिले आणि इजा थेट त्यामुळे झाली, असे सिद्ध झाल्यास, मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व ही प्रकरणे वगळता, मालकाला जबाबदारी टाळता येते. त्या बचावाला लागणारा मजकूर नेमका आपल्याकडून लिहून घेतला जात आहे. ज्याने तो तयार केला त्याला कायदा चांगला ठाऊक असावा.

आपली बाजू मात्र कमकुवत नाही. आवाजामुळे होणारा श्रवणदोष त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, भाग ब मध्ये, व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. अशा कामावर एकाच मालकाकडे सलग किमान सहा महिने असलेल्या कामगाराला तो जडला, तर तो कामातून उद्भवलेल्या अपघाताची इजा मानला जातो आणि तसे नाही हे दाखवण्याचा भार मालकावर पडतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली, परंतु हे तत्त्व संहितेतही आहे. आणि जुन्या कायद्याखाली निर्माण झालेला हक्क केवळ तो कायदा रद्द झाला म्हणून बुडत नाही.

इअरप्लगचा प्रश्नही व्यवस्थापन मांडते तितका सरळ नाही. कारखाना नियमांनुसार आठ तासांच्या पाळीत 90 डेसिबल ही मर्यादा आहे. 95 डेसिबलला चार तास आणि 100 डेसिबलला फक्त दोन तास चालतात. यंत्राचा आवाज मुळात कमी करणे किंवा माणसाचा तिथला वेळ कमी करणे हे मालकाचे पहिले काम, आणि ते शक्य नसेल तेव्हा कानांची साधने. मर्यादेपेक्षा जास्त आवाजात काम करणाऱ्याची श्रवणचाचणी कामावर घेतल्यापासून 14 दिवसांत आणि पुढे दर 12 महिन्यांनी निदान एकदा व्हायला हवी. आपली पहिली चाचणी आपण स्वतः करून घेतली, ही गोष्टच पुष्कळ सांगून जाते. म्हणून आवाजाच्या मोजणीची नोंद, आपल्या चाचण्यांचे अहवाल आणि इअरप्लग वाटपाची सह्यांसहित वही, या तिन्हींच्या प्रती लेखी मागा. त्या मिळाल्या नाहीत, तर मागणीचे पत्रच पुढे उपयोगी पडेल.

ऑडिओग्रामची (श्रवणचाचणीच्या आलेखाची) मूळ प्रत कुणाच्याही हाती देऊ नका. आवाजाने झालेल्या इजेत आलेखाची रेघ बहुधा 4000 हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे आवाजाच्या उंच-नीचपणाचे माप) आसपास खाली खचते आणि 8000 कडे जाताना पुन्हा वर चढते. वयाने येणाऱ्या बहिरेपणात ती बहुधा उतरतच जाते. ‘हे वयाचे आहे’ या युक्तिवादाला त्या खाचेइतके चांगले उत्तर नाही. आपल्याला दिव्यांग प्रमाणपत्र मिळणार नाही, असेही कुणी ऐकवेल. त्याने विचलित होऊ नका. ते प्रमाणपत्र बोलण्याच्या पट्टीतील 60 डेसिबल किंवा अधिक घटीवर ठरते, भरपाई मात्र कमाईच्या क्षमतेत झालेल्या घटीवर ठरते. संपूर्ण बहिरेपणासाठी 1923 च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात 100 टक्के दिले आहेत, अंशतः बहिरेपणासाठी ठरावीक टक्केवारी नाही, त्यामुळे डॉक्टरांकडून ती घट टक्क्यांत लिहून घ्यावी लागेल. प्रेसवरचा भत्ता श्रवणदोषामुळे बंद होत असेल, तर तसा लेखी आदेश मागा. कमाई घटल्याचा तो मालकाच्याच हातचा पुरावा होईल.

ईएसआयबद्दल एक खुलासा. आपले वेतन दरमहा 21,000 रुपयांहून अधिक असेल, तर कपात नसणे स्वाभाविक आहे आणि दावा थेट मालकावर होतो. वेतन त्याहून कमी असेल आणि कारखाना योजनेखाली येत असेल, तर कपात न करणे ही मालकाची चूक असून तिच्यामुळे आपले विमासंरक्षण जात नाही. मात्र तेव्हा लाभ कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून घ्यायचा असतो, त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही.

आता पत्र. त्यात आजाराचे नाव, चाचणीची तारीख, प्रेस शॉपमधील नोकरीचा काळ, बदली मान्य असल्याचे आणि निवेदनातील मजकूर खरा नसल्याने सही करीत नसल्याचे लिहा. पोच घ्या, पोच नाकारली तर स्पीड पोस्टने पाठवा. कागद हातात दाखवणे म्हणजे नोटीस नव्हे. ज्या आजारात कामगार कामावर येत राहतो, त्यात जुन्या कायद्याची दोन वर्षांची मुदत मालकाला नोटीस दिल्याच्या दिवसापासून मोजतात, म्हणून पत्राची तारीख जपा आणि ती दोन वर्षे उलटण्याआधी भरपाईचा अर्ज दाखल होईल असे पाहा.