अक्का, आधी कपाळावर हात ठेवून बघा

"ताई, मी 53 वर्षांची. विजापूर रोडला घरीच शाळेच्या युनिफॉर्मचं शिवणकाम घेते. चार मशीन आहेत, कामाला येणाऱ्या पोरी मला अक्का म्हणतात. गड्ड्याची जत्रा उरकली की फेब्रुवारीत लेकीचं लग्न आहे. मागच्या महिन्यात एका हळदीत जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'रात्रभर रडलीस का गं?' मी रडले नव्हते. डोळ्यांवर कातडी उतरली आहे, उजव्यावर जास्त. आईचंही असंच होतं. कपाळाला आठ्या आहेत, डोळ्यांखाली काळं आहे, त्यासाठी मेडिकलमधून आणलेली क्रीम सहा महिने लावतेय. पार्लरवाली म्हणते, कपाळाला बोटॉक्स आणि डोळ्यांखाली फिलर, 25 हजारांत होईल. कुणी म्हणतं सरळ ऑपरेशन कर. भिशीचे पैसे बाजूला ठेवलेत, ह्यांना ठाऊक नाही. सासूबाईंच्या कानावर गेलं तर 'या वयात कसली थेरं' म्हणतील. सुई ओवताना मान वर करावी लागते, संध्याकाळी कपाळ ठणकतं, अंधार पडल्यावर स्कूटी काढत नाही, पण ते वयामुळे असेल. बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. काय करू? — अक्का, सोलापूर"

अक्का, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा जाऊबाईंचं बोलणं मलाच लागलं. दुसऱ्यांदा मात्र शेवटच्या तीन-चार ओळींवर थांबले. तुम्ही त्या "वयामुळे असेल" म्हणून सोडून दिल्यात आणि मला तर सगळं पत्र तिथेच सापडलं.

एक करा. आरशासमोर बसा, डोळे मिटा, तळहात कपाळावर सपाट ठेवून भुवया दाबून धरा आणि आता डोळे उघडा. पापणी नेहमीपेक्षा बरीच खाली राहिली, समोरचं वरच्या बाजूनं झाकलं गेलं, तर समजा की दिवसभर तुमचं कपाळ पापण्या उचलून धरतंय. आठ्या त्याच्याच आणि संध्याकाळचं ठणकणंही बहुधा त्याचंच. सुई ओवताना मान वर जाते तीही पापणीखालून बघता यावं म्हणून.

म्हणूनच त्या पॅकेजला आजच नाही म्हणून कळवा. बोटॉक्स स्नायूला काही काळ ढिलं करतं. ज्या कपाळाच्या जोरावर तुम्ही डोळे उघडे ठेवताय, तेच ढिलं पडलं तर भुवया खाली येतील आणि पापण्या आणखी उतरतील. असर 3 ते 4 महिने राहतो, म्हणजे लग्न आणि त्यानंतरची सगळी पूजा-जेवणं त्याच चेहऱ्यानं पार पाडावी लागतील. आठ्या गेल्या नि डोळे मिटले, अशी गत व्हायची.

फिलरचं तर मी याहून कडक सांगेन. डोळ्यांखालच्या खळगीत जे जेल भरतात, त्याचा थेंब रक्तवाहिनीत गेला तर तो थेट डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा बंद करू शकतो. असं क्वचित घडतं, पण घडलं तर नजर सहसा परत येत नाही. हायलुरॉनिक ॲसिडचं जेल विरघळवणारं हायलुरॉनिडेज नावाचं इंजेक्शन असतं. ते हाताशी नसलेल्या आणि डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हातची सुई डोळ्याजवळ येऊ देऊ नका. शिवाय वरची उतरलेली पापणी फिलरनं उचलली जात नाही. तुमचा त्रास वर आहे आणि पैसे खाली जाणार होते.

पापणी जड दिसण्याचं कारण एकच नसतं, हे पार्लरमध्ये कुणी सांगणार नाही. कधी वरची कातडी सैल होऊन पापणीच्या केसांवर लोंबते. कधी पापणी उचलणारा स्नायूच सैल पडतो आणि पापणीची कड बुबुळावर खाली येते, त्याला टोसिस म्हणतात. कातडी कापून टोसिस बरा होत नाही, तिथे स्नायू आवळावा लागतो. तुमची उजवी बाजू जास्त उतरली आहे म्हणून हे आधी ठरायला हवं. आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आठवणीनं सांगा: पापणी सकाळी बरी आणि संध्याकाळी जास्त पडते का? डोळे मिटून जरा पडलं की उचलते का? मायस्थेनिया नावाच्या आजारात तसं होतं. त्याची तपासणी वेगळी, औषध वेगळं, आणि त्यात बोटॉक्स धोक्याचंच. घाबरवायला सांगत नाही, आईचंही असंच होतं म्हणता, तेव्हा घराण्यातून आलेली सैल कातडी असण्याची शक्यता मोठी. पण एकाएकी पापणी पडली, एकाचे दोन दिसले किंवा डोकं असह्य दुखलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी सिव्हिल गाठायचं.

तपासणी सोलापुरातच होईल. नेत्रतज्ज्ञांना म्हणा, पापण्यांमुळे नजरेचं क्षेत्र किती झाकलं जातं ते बघा. काचबिंदूसाठी वापरतात तेच पेरिमेट्रीचं मशीन, एकदा पापण्या आहेत तशा ठेवून आणि एकदा पट्टीनं वर चिकटवून. दोन्ही रिपोर्टांतला फरक कागदावर दिसतो. मेडिक्लेम असेल तर तो कागद जपून ठेवा. निव्वळ दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला विमा पैसे देत नाही. नजर अडते असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर मागणी करता येते, पण कंपनीचं उत्तर आधी लेखी घ्या.

क्रीमचंही त्याच वेळी दाखवा आणि तोवर ती बंद ठेवा. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या "उजळ करणाऱ्या" बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉईड असतं. डोळ्यांभोवती महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. म्हणून डोळ्याचा दाबही मोजून घ्या.

तपासणीत कातडीच निघाली, तर ऑपरेशनचं मला वावडं नाही. ब्लेफरोप्लास्टी म्हणतात त्याला. वरच्या पापण्यांचं काम बहुतेकदा जागा बधिर करून होतं, चीर पापणीच्या नैसर्गिक घडीत लपते, टाके साधारण 5 ते 7 दिवसांनी काढतात. पण काळंनिळं आणि सूज आठवडा-दोन आठवडे राहते आणि खरं रूप दिसायला काही महिने जातात. लग्नाआधी म्हणूनच नको. हळदीच्या फोटोत डोळे सुजलेले दिसले तर जाऊबाईंचं बोलणं खरं वाटेल! तुमचा एप्रिल ते जून शाळांच्या ऑर्डरींचा, तेव्हा मशीन थांबवता येणार नाही, वर आपलं ऊन. शाळा सुरू होऊन काम ओसरलं की जुलै-ऑगस्टात करा. कापडाच्या तंतूंपासून तेव्हा दोन आठवडे लांब राहा.

सर्जन निवडताना घाई नको. डोळ्यांचे डॉक्टर होऊन पापण्यांच्या शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण घेतलेले ऑक्युलोप्लास्टिक सर्जन, नाहीतर प्लास्टिक सर्जन. तुमच्या नेत्रतज्ज्ञांकडून नाव घ्या. पुण्याला आहेत, आणि हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत या कामाचा स्वतंत्र विभाग आहे. डोळे कोरडे पडतात का ते आधी तपासायला सांगा, कारण कातडी जास्त काढली गेली तर डोळा नीट मिटत नाही आणि मग कायमची चुरचुर मागे लागते. रक्त पातळ करायची गोळी मनानं एक दिवसही बंद करायची नाही. ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांचं आणि सर्जनचं बोलणं होऊ द्या. लसणाच्या कॅप्सूल, काढे, काही घेत असाल तर तेही सांगा. आणि आठ्या, डोळ्यांखालचं काळं, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या या ऑपरेशननं जात नाहीत, हे मनात पक्कं असू द्या.

आता ह्यांचं. भिशी तुमच्या कष्टाची आहे, तिचा हिशोब कुणाला द्यायचा हे मी शिकवणार नाही. पण ऑपरेशन लपवून करू नका, आणि हे मी संसारासाठी म्हणत नाही, डोळ्यासाठी म्हणते. पहिल्या रात्री घरातलं कुणीतरी जागं हवं. एका डोळ्यात एकदम कळ आली, डोळा बाहेर ढकलल्यासारखा फुगला, दिसणं अंधुक झालं, तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो आणि तेव्हा मिनिटं मोजायची असतात. तुमच्या बाजूला काय झालंय हेच माहीत नसलेला माणूस असून कसं चालेल? बोलायला सुरुवात सुईपासून करा. म्हणा, "अहो, मला सुई ओवताना दिसत नाही, डॉक्टरकडे चला." नवरा त्या वाक्याला नाही म्हणणार नाही. सासूबाईंनाही तेच सांगा.

आणि थेरं? नाही, अक्का. नजर अडत नसती, फक्त आरशात बघून जीव खट्टू होत असता, तरी मी तुम्हाला नावं ठेवली नसती. हजारो पोरांच्या अंगावर नीट बसणारे कपडे शिवणाऱ्या बाईला आपण नीट दिसावं असं वाटलं तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? जाऊबाईंच्या एका वाक्यासाठी मात्र डोळ्यांना सुई लावून घ्यायची नाही, एवढंच माझं मागणं.

डॉक्टरकडे जाताना क्रीमची ट्यूब, चालू गोळ्यांची पाकिटं आणि आठ-दहा वर्षांपूर्वीचा तुमचा समोरून काढलेला एखादा फोटो सोबत न्या. पापणी कधीपासून उतरायला लागली, हे त्यांना त्या फोटोवरूनच कळेल. आईचा फोटो असेल तर तोही घ्या.