नदीच्या सर्वेला निघालायस, तर हे वाच

तुझा मेल आला, फाईल पण उघडून बघितली. मांजरा नदीच्या काठाचे तुकडे पाडलेत, कुठला आधी वाचवायचा ते ठरवायला प्रत्येकाला मार्क दिलेत, लाल पिवळा हिरवा रंग भरलाय, मेहनत दिसते. पण पहिल्या नंबरवर जो तुकडा ठेवलायस तो बघून मी डोक्याला हात लावला. शहराचं गटार मिळतं तो, फेसाचा, जलपर्णीनं भरलेला. का ठेवलास ते कळतं मला, सगळे तिथूनच सुरू करतात, फोटो चांगले येतात, पेपरवाले येतात, साहेब येतात. पण तिथं तू वाचवणारेस काय? तिथं आधी सांडपाणी थांबवायचं काम, त्याला पैसा वेगळा, माणसं वेगळी. आपल्याला हुडकायचाय तो तुकडा जिथं नदीला अजून पसरायला जागा आहे, आणि ती जागा येत्या चार-पाच वर्षांत प्लॉटिंगमध्ये नाहीतर भरावाखाली जाणार आहे. निस्ता चांगला असून भागत नाही, निस्ता धोक्यात असूनही नाही, दोन्ही पाहिजे.

आता पसरायला जागा आहे हे ओळखायचं कसं, तर लॅपटॉप बंद कर आणि काठानं चाल. बाभळीच्या फांद्यांत बघ, प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या, तुराट्या, कडबा अडकलेला असतो ना, तीच पुराची पट्टी. जमिनीपासून किती उंच आहे ते टेपनं मोज, नदीपासून किती लांब आहे ते बघ, जीपीएसला टाक. मग गावात जा आणि एखाद्या म्हातारीला विचार, २००६ ला पाणी कुठपर्यंत आलतं. आकडा सांगणार नाही ती, देवळाच्या पायरीवर नाहीतर गोठ्याच्या खुंटीवर हात ठेवून दाखवील. तो हात मोजून घे. सेंटिनल-१ उपग्रहाचा रडार ढगातून बघतो हे खरं, पण तो काही दिवसांच्या अंतरानं वरून जातो, आणि आपल्याकडचा पूर कधी कधी एका रात्रीत येऊन उतरतो, मग इमेजमध्ये निस्ता चिखल दिसतो.

माझी एक चूक सांगतो, तू तरी करू नको. एका वर्षी एप्रिलमध्ये गोदावरीच्या काठानं सर्वे करत होतो, एक लांब पट्टा अख्खा कोरडा, पांढरी वाळू आणि ऊन, मी फॉर्मवर 'मृत' लिहून मोकळा झालो. टरबुजाच्या वाडीवर एक भोई काका बसलेले, त्यांनी बोलावलं, पाणी पी म्हणले. मी इकडंतिकडं बघायलो, घागर नाही काही नाही. त्यांनी दोन हात वाळू उकरली, झिरा केला, थोडा वेळ थांबले आणि वरचं नितळ पाणी ओंजळीनं दिलं. वर नदी नव्हती, खाली होती. त्याच वाळूच्या उंचवट्यावर जरा पुढं नदीसुरय पक्ष्याची अंडी होती, वाळूच्याच रंगाची, पाय पडता पडता राहिला. फॉर्म फाडला मी तिथंच. म्हणून सांगतो, वाळू हा वेगळा कॉलम कर, ती उपसली गेलेली नाही तिथं मार्क जास्त दे, आणि एका सीझनवर निकाल लावू नको. २०१६ आठव ना, एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं आणि त्याच वर्षी पावसाळा संपता संपता मांजरा धरण भरलं. उन्हाळ्यात बघणाऱ्यानं एक लिहिलं असतं, सप्टेंबरात बघणाऱ्यानं दुसरं.

धरणाचा भाग विसरू नको. जायकवाडी १९७६ चं, तेव्हापासून पैठणच्या खाली दरवर्षीचे लहान-मध्यम पूर धरणात अडतात, काठ वर्षानुवर्षं कोरडा राहतो, लोकांना वाटतं नदी आता इकडं येतच नाही. मग कोणी विटभट्टी टाकतं, कोणी बंगला बांधतं. आणि धरण भरलेलं असताना वरून मोठं पाणी आलं की दरवाजे उघडावेच लागतात, तेव्हा तेच पाणी बरोबर जुन्या जागी येतं. पूररेषेचं पण तसंच. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, पण लोक काय समजतात, एकदा आला आता २५ वर्षं सुट्टी. दरवर्षी शंभरात चार एवढी शक्यता असते, लागोपाठ दोन वर्षं पण येऊ शकतो. गावात बोलताना हे नीट समजावून सांग, रेषा म्हणलं की आपली जमीन गेली असंच वाटतं त्यांना.

संगम वर घे. मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते तसल्या जागा, मोठ्या नदीला पूर असला की लहान नदीचं पाणी मागं तुंबतं आणि आजूबाजूच्या शेतात पसरतं, त्यामुळं तिथली सखल जमीन मोकळी राहणं फार मोलाचं. तुझ्या लिस्टमध्ये संगम विसाव्या नंबरच्या खाली आहेत, का? झाडं कमी म्हणून? करंज, वाळुंज नसले तरी पाणी बसायला जागा आहे ना.

आणि ती मार्कांची बेरीज. पक्ष्यांना नऊ, झाडांना आठ, पण मध्ये भराव टाकून पाणी यायची वाटच बंद, तरी बेरजेत तुकडा वर आलाय. असं नको. पाण्याची वाट बंद असलेला तुकडा या यादीत आधीच नापास कर, दुरुस्तीच्या वेगळ्या यादीत टाक, मग बाकीचे विषय तपास. दुसरं म्हणजे कुठल्या विषयाला किती महत्त्व ती वजनं बदलून चार-पाच वेळा चालवून बघ, वरचे पाच तुकडे दर वेळी वेगळे निघायले तर तो क्रम एक्सेलनं लावलाय असं समज.

खोलीकरणावर तू काही लिहिलंच नाहीस. पोकलेननं नदी खोल करून काठावर मातीचे ढीग लावतात, पाणी शेताकडं वळतच नाही, सरळ खाली पळतं. लोकांना ते काम वाटतं, मी वाद घालून थकलोय. तू निदान असे तुकडे वेगळ्या रंगात दाखव.

पोळ्याच्या आधी ये, म्हणजे पुराची पट्टी ताजी असेल तर सोबत चालू. गावनकाशा तहसीलमधून आणून ठेव, पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, कुठं कुठं आहे ते आधी खूण करून आण. बूट नको घालूस, काळी माती आहे.